सहा मेचे गहू

जगन्नाथ आठल्ये यांनी सत्तावीस वर्षांत पोर्ट हॅलममधल्या एकाही हॉटेलात पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. गावात खाण्यापिण्याच्या जागा एकशे चौदा. कुणाच्या फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालंय, कुणाच्या तळघरात उंदीर येतात, कोणता आचारी हात धुतल्यासारखं करतो आणि धूत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. चव मात्र एकाही ठिकाणची माहीत नव्हती. ते काउंटीच्या आरोग्य खात्यात इन्स्पेक्टर होते, आणि जिथे तपासायचं तिथे खायचं नाही हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. खात्याचा नियम एवढा कडक नव्हता. कॉफी चालायची. जगन्नाथरावांना कॉफीही चालत नसे.

दुपारी ते गाडी सरोवराच्या काठाला लावत आणि सुलभाबाईंनी दिलेला पोळीभाजीचा डबा गाडीतच खात. डबा खाऊन झाला की आतून पुसून घेतल्यासारखा स्वच्छ. दिवसभर लोकांचं अन्न कचऱ्यात टाकायला लावणारा हा माणूस स्वतःच्या पानात शीत टाकत नसे. "अन्न टाकण्याचा पगार मिळतो तेवढा पुरे," असं म्हणायचे.

पोर्ट हॅलम हे मिशिगन सरोवराकाठचं गाव, शिकागोपासून गाडीने दोन तासांवर. हिवाळ्यात तिथे बर्फ आणि बंद दुकानं. मे महिना लागला की हार्बर स्ट्रीटवर पाऊल ठेवायला जागा नसे. फजची दुकानं, टी-शर्टची दुकानं, घोडागाडी, आइस्क्रीमच्या रांगा. त्या रस्त्याच्या टोकाला, जुन्या मासळीच्या गोदामात 'साव्हा' नावाचं सर्बियन रेस्टॉरंट होतं. लाकडी खांब, टेबलांवर लाल भरतकामाची पांढरी कापडं, भिंतीवर एक अकॉर्डियन. निम्म्या टूरिस्टांना ते ग्रीक वाटायचं. मालक मिर्को बाहेर कोळशाच्या शेगडीपाशी उभा असायचा आणि त्याची बायको दानित्सा आतलं सगळं बघायची.

मिर्को २००२ च्या डिसेंबरात वारला. ही गोष्ट जगन्नाथरावांना फाइलमधून कळली. परवान्यावरचं नाव बदललं होतं.

पुढच्या वर्षी मे महिन्याच्या सहा तारखेला, मंगळवारी, ते 'साव्हा'मध्ये तपासणीला गेले. त्या दिवशी त्यांच्याबरोबर खात्याचा नवा सुपरवायझर होता. वय एकोणतीस. जुने लोक काम कसं करतात ते बघायला आलेला.

स्वयंपाकघर चकचकीत होतं. फ्रीजचं तापमान बरोबर, भांडी धुण्याचं पाणी बरोबर. फक्त मधल्या टेबलावर, उघड्यावर, एक मोठं ताट होतं. त्यात उकडून वाटलेल्या गव्हाचा ढीग, वर साखरेचा पांढरा थर, थरावर अक्रोडांचा क्रॉस. शेजारी एक अर्धवट जळलेली जाड मेणबत्ती.

"हे काय?" जगन्नाथरावांनी विचारलं.

"गहू," दानित्सा म्हणाली. काळा ड्रेस, काळी ओढणी. "हे गिऱ्हाइकांसाठी नाही. हे अन्न नाही."

"अन्न नाही तर स्वयंपाकघरात कसं?"

"सकाळी चर्चमध्ये नेऊन आणलं. आज आमच्या..." तिला इंग्रजी शब्द सापडेना. "आज आमचा दिवस आहे. मिर्कोच्या घराचा दिवस."

जगन्नाथरावांनी खिशातला थर्मामीटर काढला, अल्कोहोलने पुसला आणि ढिगात खुपसला. सत्तर अंश फॅरनहाइट. एक्केचाळीसच्या वर शिजवलेलं धान्य ठेवायचं नाही, हे तिलाही माहीत होतं.

तेवढ्यात मागून सुपरवायझर हसत म्हणाला, "जग, हे तुमच्याकडचंच काहीतरी दिसतंय. सोडून देणार वाटतं?"

तो चेष्टेत बोलला. पण जगन्नाथरावांच्या कानात तेवीस वर्षांपूर्वीचं एक वाक्य बसलेलं होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका हॉटेलवाल्याने त्यांच्या तेव्हाच्या साहेबांना फोन करून विचारलं होतं, की या माणसाच्या देशात लोक हाताने जेवतात, आणि हा आम्हाला स्वच्छता शिकवणार का? साहेबांनी तो फोन त्यांना हसतहसत सांगितला होता. तेव्हापासून ते सगळ्यांच्या बाबतीत काटेकोर होते, आणि परदेशातून आलेल्यांच्या बाबतीत जरा जास्तच. चिनी, मेक्सिकन, इटालियन म्हातारी, कुणीही. 'आपलं आपलं म्हणून सांभाळून घेतो' असं कुणी म्हणायला नको.

ते गाडीकडे गेले, ब्लीचची बाटली घेऊन आले. टाकून दिलेलं अन्न कुणी परत उचलू नये म्हणून त्यावर ब्लीच ओतायची पद्धत असते. त्यांनी ताट कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं आणि वरून बाटली ओतली.

दानित्सा ओरडली नाही, रडली नाही. मेणबत्ती उचलून छातीशी धरली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

संध्याकाळी जेवताना त्यांनी ही हकिकत सुलभाबाईंना सांगितली. रोज काहीतरी गमतीचं सांगायचे, तसंच सांगायला गेले. सुलभाबाईंचा हात पोळीवर तूप लावता लावता थांबला.

"मेणबत्ती होती?"

"होती."

"आणि देवळातून आणलेलं?"

"चर्चमधून. अगं, सत्तर डिग्री होतं ते."

"अहो, तो नैवेद्य होता!"

जगन्नाथरावांनी हातातला घास परत पानात ठेवला.

"घरात वर्षभर आधी माणूस गेलेलं, त्या घरात तुम्ही नैवेद्यावर ब्लीच ओतून आलात. माझ्या गौरीच्या घाटल्यात कुणी असा काटा खुपसला असता तर तुम्ही काय केलं असतंत?"

"वर्ष नाही, पाचच महिने," ते पुटपुटले, जणू आकडा बरोबर असला की काही बरं होणार होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी बायकोला सांगितली नाही. नियमांच्या पुस्तकात एक छोटं कलम होतं. विक्रीसाठी नसलेलं, घरच्यांच्या वापराचं खाणं वेगळ्या जागी ठेवून त्यावर तशी पट्टी लावली असेल, तर इन्स्पेक्टरने त्याला हात लावायचा नाही. पट्टी नसेल तर मालकाला ती लावायला सांगता येत असे. चिकटपट्टी आणि मार्कर जगन्नाथरावांच्या खिशात कायम असायचा. पिझ्झावाल्याच्या आईच्या सुपावर त्यांनी स्वतः पट्टी चिकटवून दिली होती. ते कलम त्यांना त्या दिवशीही आठवलं होतं. थर्मामीटर पुसताना आठवलं होतं. मागून तो पोरगा हसला, आणि ते गाडीकडे गेले.

त्यानंतर चार वर्षं ते वर्षातून दोनदा 'साव्हा'मध्ये जात राहिले. दानित्सा "येस सर", "नो सर" एवढंच बोले. एकही चूक सापडत नसे. एखादी सापडावी, म्हणजे ती सोडून देता येईल, असं त्यांना मनातून वाटायचं, आणि असं वाटल्याची लाजही वाटायची. माफी मागावी, तर इन्स्पेक्टरने ड्यूटीवर असताना कसली माफी मागायची? उद्या ती म्हणायची की हा माणूस नियमच चुकीचे लावतो. मग आधीच्या तेवीस वर्षांचं काय? असा हिशेब करत ते दर वेळी कागदावर सही घेऊन बाहेर पडायचे.

मधल्या काळात त्यांनी लायब्ररीतून एक पुस्तक आणून वाचलं. त्यात त्या दिवसाचं नाव मिळालं, स्लावा. प्रत्येक सर्बियन घराण्याचा एक संत असतो आणि त्याचा दिवस बापाकडून मुलाकडे येतो. उकडलेले गहू त्या संतासाठी आणि घरातल्या गेलेल्या माणसांसाठी. सुलभाबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे कुलाचार. मी चार ओळीत सांगितलं असतं, त्याला पुस्तक कशाला लागतं?"

एप्रिल २००७ मध्ये जगन्नाथराव निवृत्त झाले. खात्याने केक कापला. नेपरव्हिलहून मुलगी नीना आली आणि म्हणाली, "बाबा, नाऊ यू कॅन फायनली ईट आउट! कुठे जायचं, सांगा. आय विल बुक."

"ठरलंय माझं," ते म्हणाले. "पण मी आणि तुझी आई दोघंच जाणार."

सहा मे त्या वर्षी रविवारी आली होती. हार्बर स्ट्रीटवर सीझनची पहिली गर्दी होती. जगन्नाथरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पहिल्यांदाच त्याच्या खिशात काही नव्हतं. बेत साधा होता. गिऱ्हाईक म्हणून जायचं, पोटभर जेवायचं, चांगली टिप ठेवायची, आणि निघताना दानित्साला बोलवून दोन वाक्यं बोलायची. वाक्यं पाठ केली होती.

'साव्हा'च्या दारावर हाताने लिहिलेला कागद होता. 'आज बंद. घरचा सण.'

जगन्नाथराव उभेच राहिले. गिऱ्हाइकाला जेवण मिळतं. पण बंद दारातून आत जाणारा माणूस गिऱ्हाईक नसतो.

"चला," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी येऊ."

"पुढच्या रविवारी सहा मे आहे का?" सुलभाबाईंनी विचारलं, आणि दार ठोठावलं.

दार दानित्सानेच उघडलं. आता काळा ड्रेस नव्हता, निळा होता. जगन्नाथरावांना बघून तिचा चेहरा उतरला. मागे वळून ती मोठ्याने काहीतरी म्हणाली आणि आत एकदम धावपळ उडाली. खुर्च्या सरकल्या, भांड्यांवर झाकणं पडल्याचे आवाज आले, कुणीतरी सिगरेट पाण्यात विझवल्यासारखं चर्र झालं.

"रविवारी?" ती म्हणाली. "मिस्टर ए, रविवारीसुद्धा?"

"नाही, नाही. मी रिटायर झालो. तपासायला नाही आलो."

"मग?"

पाठ केलेली वाक्यं जगन्नाथरावांच्या डोक्यातून साफ गेली. "जेवायला आलो होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही बंद आहात. ही माझी बायको, सुलभा."

दानित्सा दोघांकडे बघत राहिली. मग दार पूर्ण उघडून बाजूला झाली.

"स्लावाला आम्ही कुणाला बोलवत नाही," ती म्हणाली. "ज्याला यायचं तो येतो. आलेल्याला परत पाठवायचं नसतं. मला आवडो, न आवडो."

आत दहा-बारा माणसं लांब टेबलाभोवती बसली होती. एका टोकाला पांढऱ्या दाढीचे पाद्री. सगळे जगन्नाथरावांच्या शर्टच्या खिशाकडे बघत होते. तो रिकामा आहे हे बघून एका म्हाताऱ्याने सुटकेचा श्वास सोडला आणि झाकणं पुन्हा उघडली गेली.

दोघांना टेबलाच्या मधोमध बसवलं. आणि जेवण येऊ लागलं. भाजलेल्या लाल मिरच्यांचा लगदा आला. सुलभाबाईंनी चाखून म्हटलं, "अहो, हे तर भरीतच की! फक्त वांगं घालायला विसरलेत." मक्याच्या पावाचे जाड तुकडे आले, भट्टीत शिजवलेले पांढरे वाल आले, चीजचे पदर लावलेली खमंग वडी आली. भाजलेलं कोकरू मात्र दोघांनी हात जोडून नाकारलं. त्या वडीत अंडं असणार हे जगन्नाथरावांना व्यवसायाने कळत होतं, पण त्यांनी ते बायकोला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

ते नेहमीसारखं पान स्वच्छ करत होते. पान स्वच्छ झालं की दानित्सा येऊन परत भरत होती. ते परत संपवत, ती परत भरे. तिसऱ्यांदा वाल वाढल्यावर शेजारचा म्हातारा कानाशी येऊन म्हणाला, "मिस्टर, तुमच्या जिवाचं काही बरंवाईट होईल. रिकामी प्लेट म्हणजे आमच्यात पाहुणा उपाशी. थोडं राहू द्या."

"टाकायचं?" जगन्नाथराव घाबरून म्हणाले.

"ऐका त्यांचं," सुलभाबाई मराठीत कुजबुजल्या. "इतकी वर्षं लोकांचं टाकलंत, आज चमचाभर स्वतःचं टाका."

पण त्यांच्याने टाकवेना. ते पान बघत बसले. खरं तर जेवणात त्यांचं लक्षच नव्हतं. खोलीत सगळं दिसत होतं, जाड मेणबत्ती जळत होती, कापलेला गोल पाव होता. गहू कुठेच दिसत नव्हते. यांनी आता गहू करायचंच सोडलं असेल, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात दानित्सा स्वयंपाकघरातून ताट घेऊन आली. तोच पांढरा साखरेचा थर, तोच अक्रोडांचा क्रॉस. ताटाच्या कडेला निळी चिकटपट्टी होती आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'घरचं. विक्रीसाठी नाही.' खाली तारीख.

ती थेट जगन्नाथरावांसमोर येऊन उभी राहिली. टेबलावरचं बोलणं थांबलं.

"तुम्ही गेलात त्यानंतर मी तुमचं पुस्तक मागवलं," ती म्हणाली. "माझं इंग्रजी वाईट. डिक्शनरी घेऊन वाचलं. दोनशे पानं. हिवाळाभर. मला बघायचं होतं की मिर्कोचे गहू कुठल्या पानावर गुन्हा आहेत."

तिने ताट फिरवून पट्टीची बाजू त्यांच्याकडे केली.

"मला हे सापडलं." तिने पट्टीवर बोट ठेवलं. "एवढीच पट्टी. दोन इंच. मिस्टर ए, मी चार वर्षं एकच गोष्ट विचारायची ठरवलीय. त्या दिवशी तुम्हाला हे माहीत होतं का?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. दोनशे पानांतलं एक कलम. एखाद्या माणसाच्या लक्षात नाही राहत. नंतर समजलं, फार वाईट वाटलं, असं म्हटलं असतं तर ते खोटंही फारसं वाटलं नसतं. शेजारी सुलभाबाई होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी नवरा अजाणतेपणी चुकला होता आणि तेवढं त्यांनी कधीच माफ करून टाकलं होतं.

जगन्नाथराव उभे राहिले.

"माहीत होतं," ते म्हणाले. "पट्टी खिशात होती. मार्करही होता."

"मग?"

"माझ्यामागे माझा साहेब उभा होता. तो म्हणाला, हे तुमच्याकडचं दिसतंय. मला वाटलं, मी सोडलं तर म्हणतील, बाहेरचा माणूस बाहेरच्यांना सांभाळतो." ते थांबले. "तुमचे गहू खराब नव्हते. मी घाबरलो होतो."

पाद्रींनी घसा खाकरला. दानित्साने वळून टेबलावरच्यांना आपल्या भाषेत दोन वाक्यं सांगितली. बहुधा हेच सगळं. म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि स्वतःशीच हलवली.

"तीन वर्षं मी रागावले होते," ती शेवटी म्हणाली. "चौथ्या वर्षी कंटाळले. आता पुन्हा थोडा राग आला आहे." तिने ताट जरा पुढे केलं. "पण तुम्ही आलात आणि खरं बोललात. घ्या. आधी पाहुणा घेतो."

ताटाच्या कडेला चमचे होते. इथे लोक आधी छातीवर क्रॉस करतात, हे जगन्नाथरावांनी पुस्तकात वाचलं होतं. तो त्यांना करता आला नसता आणि करायचाही नव्हता. त्यांनी एक चमचा गहू घेतले, चमचा कपाळाला लावला, तीर्थप्रसाद घेताना लावतात तसा, आणि तोंडात टाकले. गहू गोड होते, अक्रोड दाताखाली येत होता, आणि सगळं गार होतं, फ्रीजमधून नुकतं काढलेलं. पट्टी असली तरी ती ताट फ्रीजमध्येच ठेवत होती. पट्टीवर तिचा पूर्ण विश्वास बसलेला नव्हता.

"मिर्कोसाठी," दानित्सा म्हणाली.

"मिर्कोसाठी," ते म्हणाले.

मग ताट सुलभाबाईंकडे गेलं, मग म्हाताऱ्याकडे, आणि हळूहळू बोलणं पुन्हा सुरू झालं. निघताना जगन्नाथराव पाकीट काढायला गेले, तर म्हाताऱ्याने त्यांचा हात खिशातच दाबून धरला. दानित्सा दारापर्यंत आली. पुन्हा या, असं म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "सहा मे कायम सहा मेलाच असते."

गाडी हायवेला लागली. बाहेर टूरिस्टांच्या गाड्यांची रांग शिकागोकडे परतत होती.

"पट्टीचं मला कधी सांगितलं नाहीत," सुलभाबाई म्हणाल्या.

"नाही सांगितलं."

"चार वर्षं माझ्या हातचं जेवत होतात आणि नाही सांगितलंत."

"हो."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी घाटलं करून नेईन तिच्यासाठी. गरम. डब्यावर तुमच्या हाताने पट्टी लावा."

"काय लिहू?"

"ते तुम्हीच ठरवा," सुलभाबाई म्हणाल्या. "एवढे नियम पाठ आहेत ना तुमचे."

जगन्नाथरावांना त्या रात्रीपर्यंत काही सुचलं नाही. झोपण्यापूर्वी त्यांनी कपाटातून निळी पट्टी आणि मार्कर काढून स्वयंपाकघराच्या खणात, चमच्यांशेजारी ठेवला.